पौषातली सावली

मे महिन्यात नकाशा काढला
की सगळी घरं निर्दोष असतात.
ऊन डोक्यावर, सावली पायाखाली,
आणि उदगीरच्या त्या उन्हात
कुणाच्या भिंतीची सावली शेजारी गेलीच
तर ते पुण्यच.

म्हणून व्यंकट बिरादारांना म्हटलं,
पौष येऊ द्या.

ते हसले. सळईचा भाव वर चाललाय, बाई,
आणि तुम्ही पंचांग बघलालाव व्हय?
त्यांना माळवदाच्या जागी स्लॅब हवा होता,
स्लॅबवर लेकीसाठी खोली,
खोलीला लातुरात पाहिलेली निळी काच.
लेकीला, शिवकांताला,
फक्त आतून कडी लागणारं दार हवं होतं.
हे तिनं मला जिन्यात सांगितलं, हळूच.

पौषात गेले.
दहा फुटी बांबू, टोकाला लाल चिंधी,
माळवदाच्या उत्तर कडेला
शिवकांतानं तो उभा धरला.
सावली कठड्यावरून घसरली
आणि पडली पलीकडे,
हुसेनबी पिंजारींच्या अंगणात,
थेट कापसावर.

जुन्या गाद्यांचा कापूस,
गोळे झालेला, वास धरलेला,
कुणाकुणाच्या झोपेनं दडपलेला.
पिंजायच्या आधी त्याला तीन दिवस ऊन लागतं,
आणि गाद्या भरायला लोक येतात ते थंडीतच.
चिंधीची सावली हुसेनबींच्या मनगटावर आली.
त्यांनी वर पाहिलं नाही.
बाज उचलली, हातभर उत्तरेला सरकवली.
पुन्हा सरकवली.
मग मागं भिंत होती.

खाली उतरून मी रेघ साडेतीन फूट मागं घेतली.

साडेतीन फुटात पलंग बसतोय की ओ,
बिरादार म्हणाले.
तुम्ही नेमकं कुणाकडनं हाव?

तेव्हा मी बोलले नाही
माझ्या पहिल्या नकाशाबद्दल.
देगलूर रोडला आहे तो, उभा, तीन मजली,
नियमात बसलेला, नगरपालिकेचा शिक्का असलेला.
त्याच्या शेजारच्या स्वयंपाकघरात
सकाळी अकराला पिवळा बल्ब जळतो.
मी त्या रस्त्यानं जाणं टाळते.
त्या बल्बचं बिल
खरं तर माझ्या नावानं यायला हवं.

मग खोली झाली. हलक्या विटांची, चार कॉलमवर,
भूकंपानंतर इकडं दगडावर दगड चढवायला
गवंड्याचाही हात धजत नाही.
खालचं काळ्या दगडाचं जोतं मात्र तसंच ठेवलं,
आणि ओटाही, न वाढवता, न उंचावता,
कारण त्या गल्लीत सगळे ओटे एका पातळीत आहेत
आणि बायका ज्वारी निवडता निवडता
सुपासकट सरकत
चप्पल न घालता चार घरं ओलांडतात.
पन्हळीचं तोंड आपल्याच अंगणात वळवलं.
निळ्या काचेवरून दोनदा बोलणं बंद झालं.
शेवटी ती राहिलीच,
वरच्या बाथरूमच्या खिडकीला, वीतभर.
सकाळी अंघोळ करताना बिरादार निळे दिसत असतील.

त्या साडेतीन फुटांत आता
एक प्लास्टिकची खुर्ची, तुळशीचा डबा,
शिवकांताचा पांढरा नर्सिंगचा गणवेश वाळत.
येणाऱ्या-जाणाऱ्याला बिरादार अजून सांगतात,
इथं पलंग बसला असता.

यंदाच्या पौषात मी पुन्हा गेले, बांबू न घेता.
कापूस उन्हात होता, फुगलेला, शेळीनं हुंगलेला.
मी घड्याळ लावून बसले.
तीनपर्यंत सावली कठड्याखाली थांबली,
साडेतीनला अंगणात उतरली,
चारला बाजेच्या पायाला लागली.
माझ्याकडे त्यावर उपाय नव्हता,
तो कुठल्याच नकाशात नसतो.
तसं मी हुसेनबींना सांगायला गेले.

त्यांनी कापसातून हात काढला,
पदरानं झटकला.
चार के बाद तो मैं बी चाय पीती ना, बाई,
म्हणाल्या,
बैठो.